ओझे वाटून घ्यावे

देगलूरला आमच्या घरी गेल्या महिन्यात सगळेच एकदम आले. सासूबाईंना नांदेडला दवाखान्यात ठेवलेले, मुलीच्या जात पडताळणीची धावपळ आणि रोजंदारी तर बुडवता येत नाही. आम्ही कोणाला काही बोललो नाही. झोप उडाली आणि फाईलला एक कागद लावायचाच राहिला. शेवटी थोरल्या जाऊबाई रागावल्या, "आम्ही काय परक्या आहोत?" डबा त्यांनी घेतला, फाईल पुतण्याने.

१९५६ साली बाबासाहेबांची प्रकृती पार खालावली होती. १४ ऑक्टोबरच्या नागपूरच्या दीक्षा समारंभाची व्यवस्था त्यांनी वामनराव गोडबोले यांच्यावर सोपवली. टंकलेखनाला नानकचंद रत्तू होते, औषधपाण्याला माईसाहेब. ग्रंथलेखन मात्र त्यांनी स्वतःकडे ठेवले. मग आपणच एकट्याने सारे का ओढावे?

काम सोपवताना नेमके सांगावे: कोणता कागद, कोणत्या तारखेपर्यंत. एकदा दिले की सारखे टोकू नये. आणि ज्याने आपला भार उचलला, त्याच्या अडीनडीला आपणही धावून जावे. मदत मागण्यात कमीपणा नाही.

जयभीम.