कोटात मुरलेला वास

उन्हाळ्यात वाळा, थंडीत हिना, अशी अत्तरांची वाटणी आपल्याकडच्या जुन्या मंडळींनी केव्हाच करून ठेवली होती. आमचे आजोबा मार्गशीर्ष लागला की ट्रंकेतला काळा लोकरी कोट काढीत आणि हिना अत्तराचा फाया कानात खोचीत. ते जवळून गेले, की लवंग, जुने लाकूड आणि दुरून आलेला धूर असा एक वास मागे राही. लहानपणी आम्हांला वाटे, आजोबा गुऱ्हाळावरून आले! त्यात आमची फारशी चूक नव्हती. कोल्हापूरच्या थंडीला धुराचा वास असतोच. पहाटे पन्हाळ्याच्या वाटेला लागावे, तर चुलवाणात चिपाडे पेटलेली आणि काहिलीत रस उकळत असलेला.

हिना अत्तरात जटामांसी, नागरमोथा, कपूरकाचरी, लवंग, जायफळ असा सारा मुळ्या-मसाल्यांचा मेळ. यातली निम्मी नावे दिवाळीच्या उटण्याच्या पुडीवर आपण वाचलेली असतात. कनौजला हा ऐवज तांब्याच्या देगेत पाण्याबरोबर लाकडाच्या, गोवऱ्यांच्या जाळावर शिजवतात. वाफ बांबूच्या नळीतून भपक्यात उतरते. तिथे चंदनाचे तेल आधीच भरलेले असते, ते हा वास धरून ठेवते. जड वास सावकाश उडतात, लोकरीत मुरतात, अंगाच्या उबेने थोडेथोडे सुटतात. हलक्या फुलांचा वास थंडीत दबून जातो. (हाच फाया वैशाखात लावून एस. टी. त बसा, शेजारचा जागा बदलेल.)

अडचण आहे ती चंदनाची. गाभ्यात तेल भरायला झाडाला वर्षानुवर्षे लागतात, चोरटी तोड एका रात्रीत होते. १९९८ साली चंदनाची नोंद जगातल्या धोक्यात आलेल्या झाडांत झाली. ऊद ज्यापासून मिळतो त्या आसामच्या अगरूच्या व्यापारावर १९९५ पासूनच आंतरराष्ट्रीय निर्बंध आहेत. चंदन महागले, तसे भपक्यात पॅराफिनचे पातळ तेल शिरले. बाटलीवरचे नाव मात्र बदलले नाही. पॅराफिन वापरणे हा गुन्हा नव्हे, ते लपवणे ही लबाडी आहे. गेल्या थंडीत एका दुकानातून मोठ्या हौसेने 'चंदनी हिना' आणले. संध्याकाळपर्यंत वास गेला आणि आजोबांच्या कोटावर तेलाचा डाग तेवढा उरला.

खरे अत्तर महाग पडते, पण लागतात दोनच थेंब. घेताना 'तेल कशाचे?' एवढे जरूर विचारावे. जाणता अत्तरवाला रागावत नाही. मनगटावर काडी फिरवतो आणि म्हणतो, "आता जावा, संध्याकाळी वास राहिला तर या."