शॉकअप नको, टायर बघा

विदर्भातल्या शाळा उन्हामुळे राज्याच्या इतर भागांपेक्षा उशिरा, जूनच्या उत्तरार्धात उघडतात. त्याआधीचे दोन-तीन आठवडे अमरावती-अकोल्याच्या सायकल दुकानांत पाय ठेवायला जागा नसते. आठवी-नववीतला मुलगा, सोबत वडील, आणि मुलाचं बोट एकाच सायकलीकडे. जाड टायर, पुढे-मागे शॉकअप, दोन्ही चाकांना डिस्क, एकवीस गिअर. दुकानदार तिला एमटीबी म्हणतो, घरी आल्यावर ती ‘गिअरवाली’ होते आणि तिनं पुढची पाच वर्षं शाळा, शिकवणी, शेत आणि बाजार असं धावावं, ही अपेक्षा असते.

डोंगराच्या नावानं विकल्या जाणाऱ्या या सायकलीला आपल्याकडे डोंगर क्वचितच भेटतो. तिला रोज भेटते ती काळी माती, बाभळीचा काटा आणि मे महिन्याचं ऊन. सायकल निवडताना आणि सांभाळताना या तिघांचा हिशेब धरला तर ती दहा वर्षं टिकते. जाहिरातीतलं चित्र पाहून घेतली तर दुसऱ्या पावसाळ्यात ती जिन्याखाली जाते. दरवर्षी किती घरांत हे घडतं, ते गल्लीतल्या कुठल्याही मिस्त्रीला विचारा.

आधी शॉकअपबद्दल स्पष्ट सांगतो. कमी किमतीच्या सायकलीतला मागचा शॉकअप घेऊच नका. त्यात नुसती स्प्रिंग असते. दबलेली स्प्रिंग परत येताना तिला आवरणारी तेलाची किंवा हवेची रचना आत नसते, त्यामुळे खड्ड्यावरून गेल्यावर सायकल पुन्हा उसळते. चढावर उठून पायडल मारलं की पायातला जोर चाकाऐवजी स्प्रिंग खाते. मागचा भाग ज्या सांध्यावर हलतो तिथले बुश धुळीनं आणि गाऱ्यानं झिजतात, मग सायकल कंबर मोडल्यासारखी डुलू लागते, आणि त्या मापाचे बुश इथे मिळत नाहीत. पुढच्या शॉकअपचा चिमटाही साध्या चिमट्यापेक्षा चांगला किलो-दीड किलोनं जड असतो. शॉकअपवर जाणारे पैसे चांगल्या टायरांत, अल्युमिनियमच्या दुहेरी भिंतीच्या रिममध्ये आणि ब्रेकमध्ये घाला. साधा चिमटा, २.१ इंची टायर आणि त्यात बेताची हवा, एवढ्यावर आपल्या रस्त्यांचे निम्मे धक्के जिरतात.

माउंटन बाईक जन्मली तेव्हाही तिला शॉकअप नव्हता. १९७६ साली अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या फेअरफॅक्स गावाजवळ काही तरुणांनी जुन्या, जाड टायरांच्या सायकली डोंगरावर नेल्या आणि उतारावरून शर्यत लावली. जो ब्रीझ, गॅरी फिशर, चार्ली केली ही त्यातली पुढे गाजलेली नावं. सुमारे तीन किलोमीटरांत चारशे मीटर उतार, आणि ब्रेक मागच्या चाकाच्या हबमध्ये. खाली पोचेपर्यंत हब इतका तापे की आतल्या ग्रीसचा धूर होऊन जाई. प्रत्येक फेरीनंतर हब उघडून नवं ग्रीस भरावं लागे, आणि त्यावरूनच त्या शर्यतीला ‘रिपॅक’ नाव पडलं. म्हणजे या सायकलीचा इतिहासच ग्रीसच्या डबीपासून सुरू होतो. आपल्याकडे मात्र सायकल घेतल्यापासून मोडीत जाईपर्यंत हब एकदाही न उघडणारे पुष्कळ आहेत.

आता काटा. वऱ्हाडात सायकल चालवणाऱ्याचा खरा वैरी हाच. धुऱ्यावरच्या बाभळी तोडतात, फांद्यांचं कुंपण घालतात, आणि पांदणीत पडलेला काटा बैलगाडीखाली दबून वर तोंड करून बसतो. पाऊस सरला की मुरमाच्या कडेला सराटा वाळतो, त्याची काटेरी फळं कुठूनही पडली तरी एक टोक वरच राहतं. पंक्चर झालं की आपण ट्यूब बदलतो, हवा भरतो, आणि दुसऱ्या दिवशी चाक पुन्हा बसलेलं. कारण मोडलेलं टोक टायरमध्येच असतं. बोटानं चाचपडलं तर ते बोटात घुसतं. त्यावर उपाय आपल्या घरातच आहे. कापसाचा बोळा घ्या आणि टायरच्या आतून सगळीकडे हलकेच फिरवा. जिथे तंतू अडकेल तिथे काटा. चिमट्यानं तो बाहेरच्या बाजूनं ओढा, आतून ढकलून मोडू नका. जुन्या ट्यूबवरचं भोक आणि टायर एकमेकांशी जुळवून पाहिलं तर शोधायची जागाही आधीच कळते. त्यासाठी चाक खोलण्यापूर्वी व्हॉलच्या समोर टायरवर खडूची खूण करून ठेवा.

ट्यूबमध्ये भरायचं द्रव सीलंट आता शहरात मिळतं. बाभळीच्या बारीक भोकांना ते चांगलं काम देतं आणि रोज पांदणीतून जाणाऱ्यानं ते जरूर भरावं. पण आपल्या उन्हाळ्यात ते लवकर सुकतं, म्हणून होळीनंतर एकदा आणि पाऊस लागल्यावर एकदा नवं घालावं लागतं. ट्यूबला मोटारसायकलसारखा, आतली पिन निघणारा व्हॉल असेल तर हे काम सोपं होतं.

अमरावती-अकोला महामार्गावर काटे नसतील असं वाटतं. २०२२च्या जूनमध्ये लोणी ते माना या दरम्यान ७५ किलोमीटरचा डांबरी थर १०५ तास ३३ मिनिटांत घालून गिनीजमध्ये नोंद झालेला हा रस्ता. डांबर गुळगुळीत आहे, पण सायकलवाला चालतो तो कडेनं, आणि कडेला असतात फुटलेल्या ट्रकच्या टायरांतल्या पोलादी तारा. केसाएवढी ती तार टायरमध्ये रुतली की डोळ्यांना दिसत नाही. तिलाही कापसाचाच बोळा सापडतो. शिवाय जिथे गावातून जाणारा जुना रस्ता आहे तिथे महामार्गावर जाऊच नये, हे माझं मत पक्कं आहे. वाचलेली दहा मिनिटं भरधाव ट्रकच्या शेजारून जाण्याच्या लायकीची नसतात.

काळ्या मातीचा त्रास दोन तऱ्हांचा. ओली झाली की ती फुगते आणि चिकटते. पावसाळ्यात पांदणीतून शंभर पावलं गेलात तर टायर आणि चिमट्यामधली जागा गच्च भरते आणि चाक फिरायचं थांबतं. अशा वेळी जोर करून पायडल मारू नका. मागचा गिअर बदलणारा हात, म्हणजे डिरेलर, गाऱ्यात ओढला जाऊन वाकतो आणि कधी सरळ स्पोकमध्ये शिरतो. उतरा, काडीनं गारा काढा, सायकल उचलून डांबरावर आणा. फार रुंद टायर इथे कामाचा नाही. दोन इंचांच्या आसपासचा, मोकळ्या नक्षीचा टायर गारा लवकर टाकून देतो. ज्यांची सगळी धाव डांबरावर आहे त्यांनी मधोमध सलग पट्टी असलेला टायर घ्यावा. नुसत्या गाठीगाठींचा टायर डांबरावर गुरगुरतो, जड जातो आणि लवकर झिजतो.

गारा धुताना मोटार धुण्याच्या सेंटरवर जोराच्या फवाऱ्यानं सायकल धुऊ नका. ते पाणी हबमध्ये आणि मधल्या कपात शिरतं, ग्रीस धुऊन काढतं आणि छर्रे गंजतात. बादली, फडकं आणि जुना दात घासायचा ब्रश पुरे. पूर्णेच्या खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यात, म्हणजे दर्यापूर, भातकुली, मूर्तिजापूर, अकोट, तेल्हारा या बाजूला, आणखी एक काळजी हवी. तिथलं बोअरचं पाणी खारं. त्या पाण्यानं सायकल धुऊन उन्हात सोडली तर मीठ तसंच राहतं आणि चेन, स्क्रू, स्पोकची टोकं लाल पडू लागतात. धुतल्यावर कोरड्या फडक्यानं पुसायचं आणि लगेच चेनला तेल द्यायचं. नळाचं गोडं पाणी त्या भागात पिण्यापुरतं जपावं लागतं, ते सायकलीवर घालवा असं मी म्हणणार नाही. कोरडं पुसणं मात्र सगळ्यांना जमतं.

तेलाबद्दल एक वाईट सवय सुटली पाहिजे. गॅरेजमधलं जळकं ऑइल चेनवर ओततात. ते घट्ट, काळं, आत धातूचा कीस असलेलं; त्यावर मुरमाची धूळ बसली की चेनला आणि दात्यांना कानस लागल्यागत होतं. डिझेलात भिजवलेल्या फडक्यानं चेन पुसा, वाळू द्या, प्रत्येक कडीवर पातळ तेलाचा एकच थेंब सोडा, पायडल उलटं फिरवा, आणि थोड्या वेळानं बाहेरचं सगळं तेल पुसून टाका. तेल हवं ते पिनेच्या आत. उन्हाळ्यात शिलाई मशीनचं तेलही चालतं. पावसात ते धुऊन जातं, तेव्हा सायकलच्या चेनचं जरा चिकट तेल आणा. हे करताना डिस्कवर थेंबही उडू देऊ नका. तेलकट डिस्क किंचाळते आणि सायकल थांबवत नाही.

चेन किती झिजली ते बघायला साधी लोखंडी पट्टी पुरते. चेनच्या दोन पिनांमधलं अंतर अर्धा इंच असतं. पट्टीचं शून्य एका पिनेच्या मध्यावर धरा. तिथून पुढची चोविसावी पिन बरोबर १२ इंचांवर यायला हवी. ती एक षोडशांश इंच पुढे गेली असेल तर चेन बदला, थोडक्यात निभावेल. एक अष्टमांश इंच पुढे गेली असेल तर मागची दात्यांची चकतीही बदलावी लागणार, कारण झिजलेल्या दात्यांवर नवी चेन घसरते. आणि पुढचं सगळ्यात मोठं चक्र लावून मागेही सगळ्यात मोठं लावायचं, असं चेनला तिरपं ओढू नये. एकवीस गिअर मोजायला असतात. रोजच्या वापरात पुढचं मधलं चक्र आणि मागची चार-पाच चक्रं, एवढंच लागतं.

उन्हाची एक भीती मात्र अवाजवी आहे. ‘उन्हात हवा वाढते नि ट्यूब फुटते’ म्हणून लोक मे महिन्यात अर्धी हवा ठेवतात. हिशेब करून पाहा. सकाळी २५ अंशांत ४० पौंड हवा भरली आणि दुपारी उभ्या उन्हात टायर ६५ अंशांपर्यंत तापला तरी दाब जेमतेम ४७ पौंडांवर जातो. टायरच्या बाजूवर जी कमाल मर्यादा छापलेली असते, ती बहुतेक एमटीबी टायरांत याच्या वर असते. ट्यूब फुटते ती जुनं ठिगळ उष्णतेनं सुटल्यामुळे, टायरच्या भेगांमुळे, किंवा पेट्रोल पंपावर कॉम्प्रेसरनं अंदाजे कोंबलेल्या हवेमुळे. कमी हवेनं तर उलटं नुकसान होतं. खड्ड्याच्या काठावर ट्यूब रिमखाली चिमटते आणि तिला सापाच्या दातांसारखी दोन भोकं पडतात. सायकल सावलीत ठेवा, टायरवर छापलेल्या किमान आणि कमाल आकड्यांच्या मधली हवा ठेवा, दर आठवड्याला पंप मारा.

डोंगराचा प्रसंग येतो तो चिखलदऱ्याला. परतवाड्याहून सातशे मीटरांहून जास्त चढून १,११८ मीटरांवर पोचायचं, आणि मग तेवढंच उतरायचं. अमरावतीची पोरं पावसाळ्यात हौसेनं जातात, जावंही. चढताना दमलात तर थांबता येतं. उतरताना ब्रेक दमला तर थांबता येत नाही. म्हणून निघण्याआधी डिस्कचे पॅड काढून पाहा. धातूच्या पाठीवरचा थर पातळ, अर्ध्या मिलिमीटरवर आला असेल तर नवे घाला. तारेचा ब्रेक असेल तर तार मुठीपाशी तुटायला आलेली नाही ना, ते बघा. तेलाचा ब्रेक असेल आणि मूठ हँडलपर्यंत दबत असेल तर आत हवा आहे, ती आधी काढून घ्या. काही कंपन्यांचे ब्रेक खनिज तेलावर चालतात, काहींचे मोटारीसारख्या डॉट द्रवावर. एकात दुसरं घातलं की आतले रबरी सील खराब होतात. उतारावर ब्रेक सतत दाबून ठेवायचा नाही. वळणाआधी दोन्ही मुठी एकत्र, जोरात, मग मोकळ्या, म्हणजे डिस्कला थंड व्हायला वेळ मिळतो. वळणात पडलेल्या ओल्या पानांवर आणि बारीक गिट्टीवर पुढच्या ब्रेकला हात आवरता घ्या. आणि मेळघाटच्या जंगलात वाट दिसते म्हणून वनखात्याच्या परवानगीशिवाय शिरू नका. ती वाघांची जागा आहे.

सीटची उंची हा विषय छोटा, पण गुडघेदुखीच्या बऱ्याच तक्रारी तिथून येतात. टाच पायडलवर ठेवून पायडल सगळ्यात खाली नेलं की गुडघा सरळ झाला पाहिजे. बहुतेक शाळकरी मुलं सीट फार खाली ठेवून गुडघे छातीला लावत सायकल हाकतात. पोर दरवर्षी वाढतं. सीटही वर गेली पाहिजे.

एवढं सगळं घरी करूनही वर्षातून एकदा मिस्त्री लागतोच. चाकाचा आउट काढणं, हब उघडून छर्रे धुणं, कोन बसवणं, झिजलेले छर्रे बदलणं (मागच्या चाकात दोन्ही बाजूंना सहसा नऊ-नऊ, पाव इंची), हे हातानं शिकलेलं काम आहे. आपल्या दोन्ही शहरांत ते येणारे लोक आता वयस्क झालेत. त्यांची मुलं मोटारसायकलच्या गॅरेजात गेली, कारण सायकलच्या ओव्हरऑइलिंगचे जे पैसे आपण देतो त्यात अर्ध्या दिवसाची मजुरी सुटत नाही. पंधरा-वीस हजारांची सायकल घेताना आपण एका शब्दानं कुरकुरत नाही आणि तिच्या चारशे रुपयांच्या ओव्हरऑइलिंगसाठी घासाघीस करतो, हे मला पटत नाही. अमरावती-अकोल्यातल्या आयटीआयनी गिअर, डिस्क आणि तेलाच्या ब्रेकचा एखाद्या महिन्याचा अभ्यासक्रम सुरू करावा आणि शिकवायला याच जुन्या मिस्त्रींनाही मानधनावर बोलवावं. छर्रे, कोन आणि आउट हे त्यांनी शिकवावं. नवे ब्रेक मुलांसोबत त्यांनीही शिकून घ्यावेत. मानव विकास कार्यक्रमातून शाळकरी मुलींना सायकली मिळतात, त्या गावोगाव आहेत. त्या चालू ठेवायलाही हीच माणसं लागणार आहेत.

पाऊस अजून नीट लागलेला नाही. या रविवारी सायकल तुमच्या गल्लीतल्या मिस्त्रीकडे न्या, दोन्ही हब आणि मधला कप उघडून ग्रीस भरून घ्या, आणि तो सांगेल तेवढे पैसे द्या.