विश्लेषण : उपाध्यक्षपद हे अध्यक्षपदाचे प्रगतिपुस्तक ठरते का? कमला हॅरिस यांची पात्रता कशी जोखायची?

अमेरिकेचे तत्कालीन अध्यक्ष जो बायडेन यांनी २१ जुलै २०२४ रोजी निवडणुकीतून माघार घेतली आणि तत्कालीन उपाध्यक्ष कमला हॅरिस यांना पाठिंबा जाहीर केला. त्यानंतर अवघ्या दोन दिवसांत डेमोक्रॅटिक पक्षाचे बहुसंख्य प्रतिनिधी हॅरिस यांच्यामागे उभे राहिले. तेव्हापासून विरोधक एकच प्रश्न विचारत होते : साडेतीन वर्षांत हॅरिस यांनी केले काय? प्रश्न रास्त होता. मात्र ज्या पदाला स्वतःचे अधिकार जवळपास नाहीत, त्या पदावरील कामगिरी मोजायची कशी, हे आधी ठरवावे लागेल.

उपाध्यक्षाच्या हाती नेमके काय असते?

अमेरिकी राज्यघटनेने उपाध्यक्षावर मुख्यतः दोन जबाबदाऱ्या सोपवल्या आहेत. सेनेटचे अध्यक्षस्थान भूषवून समसमान मते पडल्यास निर्णायक मत देणे ही पहिली. अध्यक्षपद रिकामे झाल्यास ते सांभाळणे ही दुसरी. आपल्याकडेही उपराष्ट्रपती राज्यसभेचे सभापती असतात आणि मते समसमान झाली तरच मतदान करतात. पण राष्ट्रपतींचे निधन झाल्यास उपराष्ट्रपती केवळ हंगामी कार्यभार पाहतात आणि सहा महिन्यांत निवडणूक होते. अमेरिकेत मात्र उपाध्यक्ष उर्वरित मुदतीसाठी पूर्ण अधिकारांनिशी अध्यक्ष होतो. एरवी त्याला काय काम द्यायचे, हे सर्वस्वी अध्यक्षांच्या मर्जीवर असते.

याचे टोकाचे उदाहरण हॅरी ट्रुमन यांचे. एप्रिल १९४५ मध्ये फ्रँकलिन रूझवेल्ट यांचे निधन झाले, तेव्हा ट्रुमन यांना उपाध्यक्ष होऊन ८२ दिवस झाले होते. अणुबॉम्बच्या प्रकल्पाची सविस्तर माहिती त्यांना अध्यक्ष झाल्यावरच मिळाली. ही स्थिती प्रामुख्याने १९७७ नंतर बदलली. जिमी कार्टर यांनी वॉल्टर माँडेल यांना व्हाइट हाऊसच्या वेस्ट विंगमध्ये कार्यालय दिले आणि गोपनीय माहितीही खुली केली. हॅरिस यांना मिळालेले स्थान याच परंपरेतले होते.

निर्णायक मतांचा विक्रम किती महत्त्वाचा?

हॅरिस यांनी सेनेटमध्ये ३३ वेळा निर्णायक मत दिले. जॉन कॅल्हून यांचा ३१ मतांचा, १९व्या शतकातील विक्रम त्यांनी डिसेंबर २०२३ मध्ये मोडला. ऑगस्ट २०२२ मध्ये हवामान आणि औषधांच्या किमतींशी संबंधित ‘इन्फ्लेशन रिडक्शन अॅक्ट’ त्यांच्याच मताने ५१ विरुद्ध ५० असा मंजूर झाला.

आकडा मोठा असला तरी त्यावरून निर्णयक्षमता कळत नाही. २०२१ आणि २०२२ मध्ये सेनेटमध्ये दोन्ही बाजूंचे बळ ५०-५० होते, म्हणून ही वेळ वारंवार आली. उपाध्यक्ष आपल्याच सरकारच्या बाजूने मत देणार, हे गृहीत असते. यातून हॅरिस यांची निष्ठा दिसते, स्वतंत्र विचार दिसत नाही.

सीमेच्या प्रश्नाचे खापर त्यांच्यावर का?

बायडेन यांनी मार्च २०२१ मध्ये हॅरिस यांच्यावर ग्वाटेमाला, होंडुरास आणि एल साल्वाडोर या देशांतून होणाऱ्या स्थलांतराची मूळ कारणे हाताळण्याची जबाबदारी टाकली. सीमेचा बंदोबस्त हे त्यांचे काम नव्हते. रिपब्लिकन पक्ष मात्र त्यांना ‘बॉर्डर झार’ म्हणत होता. त्या देशांत खासगी कंपन्यांनी ५ अब्ज डॉलरहून अधिक गुंतवणुकीची आश्वासने दिली आणि तिथून येणाऱ्यांची संख्याही घटली. पण व्हेनेझुएला, क्युबा अशा इतर देशांतून लोंढे वाढले. सलग दोन वर्षे सीमेवरील नोंदी २० लाखांच्या वर गेल्या.

तेव्हा संपूर्ण सीमेचे अपयश त्यांच्या माथी मारणे अन्यायाचे आहे. परंतु जून २०२१ मध्ये सीमेला भेट का दिली नाही, या प्रश्नावर ‘मी युरोपलाही गेलेले नाही’ असे उत्तर देऊन त्यांनी स्वतःची अडचण वाढवली, हेही खरे. मतदान हक्कांचे दुसरे काम त्यांनी मागून घेतले होते. ते विधेयक जानेवारी २०२२ मध्ये सेनेटमध्ये अडले. गर्भपाताचा घटनात्मक हक्क सर्वोच्च न्यायालयाने जून २०२२ मध्ये रद्द केल्यावर मात्र हॅरिस यांना सूर सापडला आणि त्या या विषयावर सरकारचा मुख्य आवाज बनल्या.

मग पात्रता कशावरून ठरवायची?

ज्या पदांवर निर्णय त्यांचा स्वतःचा होता, तिथे पाहावे लागेल. सॅन फ्रान्सिस्कोच्या मुख्य सरकारी वकील असताना २००४ मध्ये पोलीस अधिकाऱ्याच्या हत्येच्या खटल्यात त्यांनी फाशीची मागणी करण्यास नकार दिला. पोलीस संघटना आणि स्वपक्षाच्या ज्येष्ठ नेत्यांचा रोष पत्करूनही त्या ठाम राहिल्या. कॅलिफोर्नियाच्या अॅटर्नी जनरल असताना त्या २०११ मध्ये गृहकर्ज घोटाळ्यातील बड्या बँकांशी चाललेल्या वाटाघाटींतून बाहेर पडल्या आणि पुढच्या वर्षी राज्यासाठी अधिक मोठा वाटा मिळवला. मात्र याच पदावर, २०१४ मध्ये फाशीची पद्धत घटनाबाह्य ठरवणाऱ्या निकालाविरुद्ध त्यांनी अपील केले. भूमिका सोयीने बदलतात, हा आक्षेप तेव्हापासूनचा आहे.

दुसरा निकष माणसे सांभाळण्याचा. २०१९ मधील त्यांची अध्यक्षपदाची मोहीम अंतर्गत कुरबुरींनी ग्रासली आणि पहिले मत पडण्याआधीच गुंडाळावी लागली. उपाध्यक्ष झाल्यावरही सुरुवातीच्या दीड वर्षात प्रमुख सहकारी एकामागून एक बाहेर पडले. याचा दोष बायडेन यांच्यावर टाकता येत नाही.

इतिहास काय सांगतो?

आतापर्यंत १५ उपाध्यक्ष पुढे अध्यक्ष झाले. त्यांपैकी नऊ जणांना अध्यक्षांच्या मृत्यूमुळे किंवा राजीनाम्यामुळे पद मिळाले. पदावर असतानाच निवडणूक जिंकणारे उपाध्यक्ष केवळ चार. १९८८ मध्ये जॉर्ज बुश जिंकले, त्याआधीचे उदाहरण थेट १८३६ मधील.

कारण स्पष्ट आहे. सरकारच्या चुका उपाध्यक्षाला चिकटतात, यश मात्र अध्यक्षांच्या नावावर जमा होते. रिचर्ड निक्सन यांची कोणती मोठी कल्पना स्वीकारली, असे १९६० मध्ये विचारले असता आयझेनहॉवर यांनी ‘आठवडाभराची मुदत द्या, एखादी आठवेल’ अशा आशयाचे उत्तर दिले. निक्सन हरले. ह्युबर्ट हम्फ्री यांनी व्हिएतनामबाबत वेगळी वाट धरायला १९६८ चा सप्टेंबर संपत आणला आणि एक टक्क्याहून कमी मतांनी त्यांचा पराभव झाला. महागाई आणि गाझा या विषयांवर हॅरिस यांच्यापुढे हाच पेच होता. बायडेन यांच्यापासून फारकत घेतली तर ‘आधी गप्प का होता?’ आणि न घेतली तर ‘मग नवे काय?’

पुढे काय पाहायचे होते?

शस्त्रक्रियेसारख्या कारणाने अध्यक्ष भूल घेतात तेव्हा अधिकार उपाध्यक्षाकडे जातात. नोव्हेंबर २०२१ मध्ये बायडेन यांच्या आतड्याच्या तपासणीवेळी हॅरिस यांच्याकडे ते ८५ मिनिटे होते. त्याव्यतिरिक्त निर्णयाचा अखेरचा शब्द त्यांचा नव्हता. उमेदवार झाल्यावर तो त्यांच्याकडे आला. सहकारी म्हणून कोणाला निवडतात, २०१९ मध्ये मांडलेल्या आणि नंतर सोडलेल्या भूमिकांचे काय कारण देतात, कठोर मुलाखतींना कशा सामोऱ्या जातात, हे त्यांचे पहिले स्वतंत्र निर्णय असणार होते. हाच निकष प्रतिस्पर्ध्यालाही लागू होत होता. डोनाल्ड ट्रम्प तेव्हा ७८ वर्षांचे होते आणि त्यांनी निवडलेल्या जे. डी. व्हान्स यांच्या गाठीशी सेनेटचा जेमतेम दीड वर्षाचा अनुभव होता. ५ नोव्हेंबर २०२४ रोजी मतदार एकाच नावावर शिक्का मारतील असे वाटत असले, तरी प्रत्यक्षात ते पुढचा संभाव्य अध्यक्षही निवडणार होते.