अंदाज असावा, पैज नसावी

बऱ्हाणपुरासारख्या गावात, तेही शनवाऱ्यासारख्या गजबजलेल्या वस्तीत राहून, साठी उलटलेल्या एका मराठी गृहस्थाने दर बुधवारी संध्याकाळी वही उघडावी आणि दुसऱ्या दिवशी अमेरिकेत सुरू होणाऱ्या गोल्फच्या स्पर्धेत कोण जिंकेल याची तीन नावे तीत लिहून ठेवावीत, हे ऐकून वाचकांना हसू येईल. खुशाल हसावे, माझ्या घरातही हसतात. मी आयुष्यात गोल्फची काठी हाती धरलेली नाही. तरीही या छंदाची हकीकत चारचौघांपुढे मांडावी असे वाटते. कारण या वहीमागे आमच्या घरातले एक दुखणे आहे, आणि ते हल्ली अनेक घरांत असावे अशी मला शंका आहे.

गोल्फ हा साहेबांचा खेळ, आपला त्याच्याशी काय संबंध, असे कोणी म्हणेल. पण संस्थानी शहरांतल्या जुन्या मराठी घराण्यांना तो अगदीच परका नाही. बडोद्याला लक्ष्मीविलास राजवाड्याच्या आवारात 1930 च्या दशकात युरोपीय पाहुण्यांसाठी गोल्फचे मैदान तयार झाले. 1990 च्या दशकात समरजितसिंह गायकवाड यांनी त्याची नवी मांडणी करून ते बाहेरच्यांनाही खुले केले. अनिर्बान लाहिरी हा नामांकित खेळाडू जन्मला पुण्यात. उदयन माने हा पुण्याचा खेळाडू तर 2021 साली टोकियो ऑलिंपिकमध्ये खेळला, आणि तोही अर्जेंटिनाच्या एका खेळाडूने ऐनवेळी माघार घेतल्यामुळे.

त्याच ऑलिंपिकने मला या खेळाची गोडी लावली. 7 ऑगस्ट 2021, वार शनिवार. त्या दिवशी संध्याकाळी नीरज चोप्राने भाल्यात सुवर्णपदक मिळवले, म्हणून तो दिवस सर्वांच्या लक्षात आहे. माझ्या मात्र त्या दिवसाची पहाट अधिक लक्षात आहे. बंगळूरची अदिती अशोक ही मुलगी महिलांच्या गोल्फमध्ये तीन दिवस दुसऱ्या क्रमांकाच्या आसपास टिकून होती. जागतिक क्रमवारीत ती दोनशेवी. तिची बॅग खांद्यावर घेऊन चालणारी होती तिची आई. माझा भाचा आदल्या रात्रीच मुक्कामाला आला होता. त्याने पहाटे मला उठवले आणि म्हणाला, "मामा, उठा, आज इतिहास घडतोय." आम्हा दोघांनाही त्या खेळातले काही कळत नव्हते. बर्डी म्हणजे काय हे त्याने मोबाइलवर पाहून मला सांगितले. पाच तास आम्ही दूरचित्रवाणीसमोरून हललो नाही. अखेर अदिती एका फटक्याने कांस्यपदकाला मुकली, चौथी आली. अमेरिकेची नेली कोर्डा पहिली, जपानची मोने इनामी दुसरी, न्यूझीलंडची लिडिया को तिसरी. पदक गेले म्हणून आम्ही हळहळलो. पण त्या पाच तासांत जे पाहिले त्याने मन भरून गेले होते. आमचा त्यात एक पैसाही गुंतलेला नव्हता, ही गोष्ट तेव्हा ध्यानातही आली नाही.

ती ध्यानात आली पुढच्या दोन वर्षांत. याच भाच्याला मोबाइलवरील एका पैशाच्या खेळाचा नाद लागला. क्रिकेटचा सामना सुरू होण्यापूर्वी अकरा खेळाडू निवडायचे, प्रवेशाचे पैसे भरायचे आणि आपली निवड सरस ठरली तर बक्षीस घ्यायचे, असा तो प्रकार. आरंभी पन्नास रुपये, मग पाचशे, मग पगार, मग मित्रांकडून उसनवारी. बहिणीने दागिने मोडले तेव्हा घरात बोभाटा झाला. तो आमच्याकडे बसून सामना पाही तेव्हा मला एक चमत्कारिक गोष्ट दिसली. तो सामना पाहतच नव्हता. चेंडू पडला की त्याची नजर मोबाइलवर जाई. एखाद्याने सुरेख झेल घेतला, तर झेल घेणारा त्याच्या अकरांत आहे की नाही, एवढेच तो पाही. टोकियोच्या त्या पहाटे मला हाक मारून उठवणारा मुलगा हाच का, असा प्रश्न मला पडे.

त्याला उपदेश पुष्कळांनी केला. उपदेशाने असले नाद सुटत नाहीत, हे मला शिक्षकी पेशाने शिकवले आहे. मी एवढेच म्हटले, "तुला अंदाज बांधण्याची हौस आहे ना? मग माझ्याबरोबर बांध. मात्र पैशाशिवाय, आणि कारणासकट." अशी ही वही सुरू झाली. क्रिकेट मुद्दामच टाळले, कारण तिथे त्याचे मन पोळलेले होते. गोल्फची स्पर्धा बहुतेक दर आठवड्याला असते, गुरुवारी सुरू होते, रविवारी संपते. चार दिवसांत प्रत्येकाने 18 होलांचा फेरा चार वेळा पुरा करायचा. ज्याचे फटके सर्वांत कमी तो विजयी. बहुतेक स्पर्धांत दीडशेच्या घरात खेळाडू उतरतात, दोन दिवसांनी त्यांतले निम्मेअधिक घरी जातात. शनिवारी मागचे पुढे येतात, पुढचे मागे पडतात. म्हणून त्या दिवसाला त्या लोकांत 'मूव्हिंग डे' म्हणतात. आमच्या पेठेच्या नावातच वार असल्याने शनिवारचे हे माहात्म्य मला फार आवडले.

या खेळाचा खरा गुण मात्र वही भरू लागल्यावर कळला. तो गुण असा की, अंदाज बांधणाऱ्याचा गर्व तो दर सोमवारी सकाळी उतरवून ठेवतो. टायगर वूड्सने अमेरिकेच्या पीजीए टूरवर 82 स्पर्धा जिंकल्या. सॅम स्नीडच्या विक्रमाशी बरोबरी केली. पण त्यासाठी तो साडेतीनशेहून अधिक स्पर्धा खेळला. म्हणजे चारांतील तीनांहून अधिक वेळा तो हरलाच. जॅक निक्लॉसने 18 प्रमुख स्पर्धा जिंकल्या, आणि 19 प्रमुख स्पर्धांत तो दुसरा आला. स्कॉटी शेफलरने 2024 साली टूरच्या 7 स्पर्धा आणि वर ऑलिंपिकचे सुवर्णपदक मिळवले. असे वर्ष क्वचितच कोणाच्या वाट्याला येते. तरी त्या वर्षी तो खेळला त्यांतील निम्म्याहून अधिक स्पर्धांत शेवटी करंडक दुसऱ्याच कोणाच्या हाती होता. जगातला सर्वश्रेष्ठ खेळाडू जिथे निम्म्याहून अधिक वेळा हरतो, तिथे शनवाऱ्यात बसून त्याचे नाव लिहिणाऱ्याची काय कथा!

उलट उदाहरणेही तितकीच बोलकी. 1996 च्या मास्टर्स स्पर्धेत ग्रेग नॉर्मन शेवटच्या दिवशी सहा फटक्यांच्या आघाडीने उतरला आणि निक फाल्डोकडून पाच फटक्यांनी हरला. 2010 च्या ऑगस्टमध्ये आपला अर्जुन अटवाल विंडहॅम स्पर्धेला गेला तेव्हा त्याचा टूरवरचा हक्क गेलेला होता. सोमवारची पात्रता फेरी खेळून तो आत शिरला आणि रविवारी विजेता ठरला. पीजीए टूरवर जिंकणारा तो पहिला भारतीय. त्या आठवड्यात त्याचे नाव कोणाच्या यादीत असणार? आणि रॉरी मॅकिलरॉय! चार प्रमुख स्पर्धांपैकी तीन 2014 पर्यंत जिंकून झालेल्या, उरली होती मास्टर्स. दर एप्रिलमध्ये जाणकार म्हणत, यंदा तोच. दहा वेळा ते चुकले. अकराव्या वेळी, 2025 साली, शेवटच्या दिवशी पहिल्याच होलवर त्याने दोन फटके गमावले, आणि जादा होलवर जस्टिन रोझला हरवून तो जिंकला. दहा वर्षे चुकलेला अंदाज अकराव्या वर्षी खरा ठरला, याला जाणकारी म्हणावी की चिकाटी, हे वाचकांनीच ठरवावे.

मग अंदाज बांधणे व्यर्थच का? मुळीच नाही. कोण जिंकेल हे सांगता येत नाही, पण कोण जिंकण्याजोगे खेळत आहे हे अभ्यासाने पुष्कळ कळते. कोलंबिया विद्यापीठातील प्राध्यापक मार्क ब्रॉडी यांनी लाखो फटक्यांची नोंद तपासून दाखवले की श्रेष्ठ खेळाडू आणि सामान्य खेळाडू यांच्यातील अंतर बव्हंशी लांबच्या फटक्यांनी पडते; होलाजवळ चेंडू हलकेच ढकलण्याच्या कौशल्याने त्यामानाने कमी पडते. हे जवळचे काम एका आठवड्यात साधते, दुसऱ्यात फसते. म्हणून गेल्या आठवड्यात ज्याचे जवळचे चेंडू पडले त्याच्यामागे न लागता, लांबून चेंडू ध्वजाजवळ नेणारा पाहावा, हे आम्ही शिकलो. वारा सकाळी कमी की दुपारी, मैदान अरुंद की ऐसपैस, हेही पाहू लागलो. पहिल्या वर्षी बरोबर ठरलेली नावे एका हाताच्या बोटांवर मावली. पण चुकीच्या नावांपुढे लिहिलेली कारणे वाचताना भाचा एकदा म्हणाला, "मामा, हा हरला खरा, पण आपले कारण बरोबर होते." त्या दिवशी मला वाटले, औषध लागू पडले. कारण आणि फळ यांत फरक करता येणे, ही विद्या आहे. पैसे लावणाऱ्याला ती कधीच येत नाही, कारण त्याच्या लेखी फळ हेच सर्वस्व.

आमचे गाव कापसाचे आणि कापडाचे, म्हणून हा फरक मी इथल्या भाषेत सांगतो. कापसाचा जाणता व्यापारीही अंदाजच बांधतो. पाऊस किती पडला, बोंडे कशी धरली, परदेशात पीक कसे आहे, हे पाहून तो भाव ठरवतो. चुकला तरी पुढच्या हंगामात शहाणा होतो. पण त्याच कापसाच्या नावाने मुंबईत एके काळी आकड्याचा जुगार चाले. न्यूयॉर्कच्या कापूसबाजारातले भाव तारेने येत आणि त्यांतल्या आकड्यांवर लोक पैसे लावत. साठीच्या दशकाच्या आरंभी ते आकडे बंद झाले, तेव्हा लोकांनी मटक्यातून चिठ्ठ्या काढून आकडे घ्यायला सुरुवात केली. यावरून काय दिसते? आकडा खेळणाऱ्याला कापसाशी कधीच कर्तव्य नव्हते. कापूस गेला तरी त्याचे काही अडले नाही. मोबाइलवरच्या खेळातही तेच झाले. नाव क्रिकेटचे, पण क्रिकेट नुसते निमित्त.

याला उत्तर म्हणून सांगतात की हे कौशल्याचे खेळ आहेत. 1867 च्या जुगारविरोधी कायद्यातही कौशल्याच्या खेळांना सूट होती, आणि 1996 साली सर्वोच्च न्यायालयाने घोड्यांच्या शर्यतीही कौशल्याच्या ठरवल्या. कौशल्य असते हे मीही वर सांगितलेच. पण ज्या विद्येत उत्तम जाणकारही बहुतेक वेळा चुकतो, त्या विद्येवर घरखर्च लावणे हे कौशल्य कसे? चुकणे सोसायला सवड लागते. कर्ज काढून बसलेल्याला ती सवड नसते. तो चुकला की दुप्पट लावतो. 2025 च्या ऑगस्टमध्ये संसदेने पैशाच्या ऑनलाइन खेळांना बंदी करणारा कायदा केला. मला तो योग्य वाटतो. सरकारने घरात डोकावू नये असे एरवी म्हणणारा मी, या एका बाबतीत माझ्या बहिणीचे मोडलेले दागिने आठवून गप्प बसतो.

तथापि कायदा दुकान बंद करतो, सवय बंद करत नाही. आकडे बंद झाले तेव्हा मटका आला, हा इतिहास ताजा आहे. माणसाला, विशेषतः तरुण माणसाला, पुढे काय होईल हे आधी सांगण्याची हौस उपजतच असते. ती मारू नये. तिला दुसरी वाट द्यावी. जुन्या वाड्यांतून पाऊस कधी लागेल, निवडणूक कोण जिंकेल, यावर ओटीवर तासन्‌तास वाद चालत. हरणारा फार तर चहा पाजी. आमच्याकडे वर्षाअखेर ज्याची नावे कमी जुळतात त्याने घरच्यांना मावा जिलेबी आणायची, एवढीच रीत आहे. ती पैज नव्हे का, असा आक्षेप आमच्या घरातूनच आला. पण जिलेबी जिंकणारा आणि हरणारा एकाच ताटातून खातात, आणि ती हरण्यासाठी कोणाला कर्ज काढावे लागत नाही, हे मी नम्रपणे निदर्शनास आणले.

वडीलधाऱ्यांना माझी एवढीच विनंती आहे. घरातला मुलगा मोबाइलमध्ये डोके घालून सामना पाहत असेल तर तो हिसकावून घेण्यापूर्वी त्याच्याशेजारी बसा. कोण जिंकेल आणि का, असे विचारा. त्याचे उत्तर तारीख घालून लिहून ठेवा, आपलेही लिहा, आणि चुकल्यावर दोघांनी मिळून वाचा. खेळ गोल्फच हवा असे नाही; कुस्ती चालेल, कबड्डी चालेल.

आमचा भाचा अजून उसने फेडतो आहे. ते फिटायला वेळ लागेल. पण अमेरिकेतली स्पर्धा आपल्याकडे मध्यरात्रीनंतर संपते, म्हणून सोमवारी सकाळी सातला त्याचा फोन येतो. "मामा, याही खेपेला चुकलो. पण शेवटचा फटका पाहिलात का तुम्ही?" मी पाहिलेला नसतो. मग तो सबंध सांगतो, आणि माझा चहा निवून जातो.