जिओकॅशिंगसाठी जीपीएस यंत्र : शाळेने कोणतं घ्यावं?



खजिना शोध हा खेळ आपण सगळेच शाळेत घेतो. एका चिठ्ठीवरून दुसरी चिठ्ठी, दुसरीवरून तिसरी आणि शेवटी गोळ्या-बिस्किटांचा डबा. हाच खेळ उपग्रहांच्या मदतीने खेळला की त्याला जिओकॅशिंग म्हणतात. एकाने डबा लपवायचा आणि त्या जागेचे अक्षांश-रेखांश सांगायचे. बाकीच्यांनी तो शोधायचा, आतल्या वहीत नाव व तारीख लिहायची आणि डबा होता तसाच ठेवून यायचं.

या खेळाची सुरुवातही सांगण्यासारखी आहे. अमेरिकेने नागरी वापराच्या जीपीएस संदेशात मुद्दाम चूक मिसळून ठेवली होती. मे २००० च्या सुरुवातीला ती काढून टाकली आणि सामान्य माणसाचं यंत्र एकदम कितीतरी अचूक झालं. ते तपासून पाहायला ३ मे रोजी डेव्ह अल्मर यांनी ऑरेगन राज्यातल्या बीव्हरक्रीकजवळ एक बादली लपवली आणि तिचे अक्षांश-रेखांश जाहीर केले. तिथून हा खेळ जगभर पसरला. आज जगात असे तीस लाखांहून जास्त डबे आहेत.

सहावीच्या भूगोलात अक्षवृत्तं-रेखावृत्तं येतात, दशांश अपूर्णांक तर त्याआधीच येतात. म्हणून हा खेळ शाळेत घ्यावा असं अनेकांना वाटतं. मग पहिला प्रश्न येतो : यंत्र कोणतं घ्यायचं? माझं मत आधीच सांगते. घ्यायचंच असेल तर सगळ्यात साधं घ्या, आणि एकच घ्या.

फोन आहे की, मग यंत्र कशाला?

हा प्रश्न रास्त आहे. अचूकतेसाठी वेगळं यंत्र घ्या असं कुणी सांगत असेल, तर ते फारसं खरं नाही. मोकळ्या आकाशाखाली साधा स्मार्टफोनही साधारण ५ मीटरपर्यंत जागा दाखवतो. फोनमधलं जीपीएस फक्त संदेश घेतं, पाठवत नाही. त्यामुळे इंटरनेट नसलं तरी ते चालतं.

खरा फरक मुलांच्या नजरेत पडतो. फोन हातात असला की मुलं निळ्या ठिपक्याकडे बघत चालतात. एकजण फोन धरतो, चौघं त्याच्या खांद्यावरून वाकून बघतात. समोर चिंच आहे की लिंब, कुणाचं लक्ष नसतं. साधं यंत्र मात्र दोनच गोष्टी सांगतं : अजून किती मीटर आणि कोणत्या दिशेला. बाकीचं मुलांनाच शोधावं लागतं. बाण बांधावरून जातो, पण बांधाला वाट कुठे आहे? ओढा आडवा आला तर वळसा कुठून घ्यायचा? भूगोल इथेच शिकला जातो.

दुसरी गोष्ट पालकांची. एकीकडे आपण सांगतो, मुलांच्या हातात फोन देऊ नका. दुसरीकडे अभ्यास व्हॉट्सअॅपवर पाठवतो. त्यात खेळासाठीही फोन मागितला, तर आपल्या शब्दाला किंमत काय राहिली? आणि ज्या घरात एकच फोन आहे व तो वडिलांबरोबर कामावर जातो, त्या घरातलं मूल त्या दिवशी नुसतं बघत उभं राहतं. शाळेचं यंत्र सगळ्यांचं असतं.

घेताना काय पाहावं?

१. होकायंत्र. हे सगळ्यात महत्त्वाचं. स्वस्त यंत्रांत बरेचदा इलेक्ट्रॉनिक होकायंत्र नसतं. अशा यंत्राला आपण चालत असतानाच दिशा कळते, उभे राहिलो की बाण भरकटतो. मुलं डब्याजवळ गेल्यावर थांबतात, आणि नेमकी तिथेच पंचाईत होते. गार्मिनच्या ईट्रेक्स १० आणि २२एक्स या यंत्रांत ते नाही. ईट्रेक्स एसई आणि ३२एक्समध्ये आहे. सेल बदलले की होकायंत्र पुन्हा जुळवून घ्यावं.

२. साधे सेल. गावातल्या दुकानात मिळणाऱ्या दोन पेन्सिल सेलवर चालणारं यंत्र घ्या. आतली बॅटरी चार-पाच वर्षांनी दमली की दुरुस्तीला कुठे पाठवणार? ईट्रेक्स एसई दोन सेलवर १६८ तासांपर्यंत चालतं असं कंपनी सांगते. त्याच्या निम्मं चाललं तरी आपल्याला वर्षभर पुरेल.

३. बटणं आणि पाणी. पावसात ओल्या बोटांनी टचस्क्रीन नीट चालत नाही, बटणं चालतात. आयपीएक्स७ असं लिहिलेलं यंत्र एक मीटर पाण्यात अर्धा तास टिकावं अशी अपेक्षा असते. आपल्या शाळेत यंत्र हौदात पडणार, हे धरूनच चला.

४. आकडे हाताने भरता यावेत. जिओकॅशिंगमध्ये अंश आणि दशांश मिनिटं वापरतात, फोनच्या नकाशात बहुधा दशांश अंश असतात. पुण्याचं अक्षांश १८.५२० अंश. याचं रूपांतर केलं तर ०.५२० गुणिले ६०, म्हणजे १८ अंश ३१.२ मिनिटं. एखाद्याने ते १८ अंश ५२ मिनिटं असं भरलं, तर तो सुमारे साडेअडतीस किलोमीटर उत्तरेला, राजगुरुनगरच्या आसपास पोहोचेल! अक्षांशाचं एक मिनिट म्हणजे सुमारे १.८५ किलोमीटर आणि मिनिटाचा हजारावा भाग म्हणजे जेमतेम १.८५ मीटर. दशांश चिन्ह चुकलं तर काय होतं, हे मुलांना पायांनी चालून कळतं. म्हणून आकडे संगणकावरून आयते टाकू नका, मुलांनाच भरू द्या.

कशासाठी जास्त पैसे मोजू नयेत?

रंगीत नकाशे, मोठी मेमरी, वायुदाबावर उंची मोजणारं यंत्र, हे सगळं ट्रेकिंगवाल्यांच्या कामाचं. दोन वारंवारतांवर संदेश घेणारी महाग यंत्रं दाट झाडीत आणि घळीत उपयोगी पडतात, शाळेच्या मैदानात नाही. आणि खरं सांगू का, ५ मीटरची चूक मला हवीच आहे. ५ मीटर त्रिज्येचं वर्तुळ म्हणजे जवळजवळ ७८ चौरस मीटर, आपल्या वर्गखोलीपेक्षा मोठी जागा. यंत्राचं काम तिथे संपतं आणि मुलांचं सुरू होतं. दगड उचलून बघ, खोडाची ढोली बघ, ‘मी लपवला असता तर कुठे?’ असा विचार कर. ही चूक पैसे देऊन कमी करण्यात काय मिळवलं?

एक गोष्ट मात्र विसरू नका

नात्यातलं कुणी परदेशातून यंत्र आणणार असेल, तर आधी त्याचा नमुना विचारा. उपग्रहामार्फत संदेश पाठवणारी उपकरणं भारतात सरकारी परवानगीशिवाय वापरता येत नाहीत. अशी उपकरणं जवळ असल्यामुळे परदेशी पर्यटकांना विमानतळावर अडवल्याच्या बातम्या आपण वाचल्या आहेत. गार्मिनची इनरीच मालिका या प्रकारात येते. जीपीएसमॅप ६७ मध्ये ही सोय नाही, पण ६७आय मध्ये आहे. एका अक्षराचा फरक आहे, पण तो महागात पडू शकतो.

डबा कुठे ठेवायचा हेही तितकंच महत्त्वाचं. बसस्थानक, रेल्वे स्टेशन, बाजार, देऊळ अशा ठिकाणी बेवारस डबा म्हणजे पोलिसांना बोलावणं. संरक्षित किल्ल्याच्या तटबंदीत तर हातच घालू नये. शाळेचं आवार किंवा ओळखीच्या शेतकऱ्याचं रान, तेही विचारून, एवढं पुरे. डबा पारदर्शक असावा आणि वर शाळेचं नाव लिहिलेलं असावं.

आणि पैसे नसतील तर?

तर घेऊ नका. साध्या यंत्राची किंमतही एखाद्या स्मार्टफोनइतकी होऊ शकते. तेवढ्या पैशात वर्गाला पृथ्वीगोल, डझनभर होकायंत्रं आणि मोजपट्ट्या येतील. आधी मुलांना होकायंत्र आणि पावलांवर खेळू द्या : झेंड्याच्या खांबापासून उत्तरेला ४० पावलं, मग पूर्वेला २५. ते जमलं की बाईंचा किंवा गुरुजींचा फोन एअरप्लेन मोडवर टाकून, त्यावर नुसते आकडे दाखवणारं अॅप उघडून द्या. वर्षभर हे चाललं आणि मुलं पुन्हा पुन्हा मागायला लागली, तर शाळा व्यवस्थापन समितीपुढे यंत्राचा विषय मांडा. तेव्हा पालकांना दाखवायला मुलांनी भरलेली वही हातात असेल, आणि लोकवर्गणी मागताना आपल्याला संकोच वाटणार नाही.