चक्रीवादळाचे पाणी आणि येलदरी

२६ सप्टेंबर २०२१ रोजी सायंकाळी ‘गुलाब’ हे चक्रीवादळ आंध्र प्रदेशाच्या उत्तर किनाऱ्यावर, कलिंगपट्टणमजवळ, जमिनीवर आले. दुसऱ्याच दिवसापासून त्याचा जोर ओसरू लागला. तीव्र अवदाब, अवदाब आणि अखेर कमी दाबाचे क्षेत्र अशा पायऱ्या ते उतरत गेले. किनाऱ्याच्या दृष्टीने प्रकरण मिटले. मराठवाड्याच्या दृष्टीने ते तेव्हा सुरू झाले. २७ व २८ सप्टेंबरला मराठवाड्यात अतिवृष्टी झाली, मांजरा धरणाचे सर्व १८ दरवाजे उघडावे लागले आणि काढणीला आलेले सोयाबीन पाण्यात गेले. पुढे याच वादळाचा अवशेष अरबी समुद्रात उतरला, ‘शाहीन’ हे नवे नाव घेऊन पुन्हा बळावला आणि ३ ऑक्टोबरला ओमानच्या किनाऱ्यावर आदळला. जे वादळ मराठवाड्यात ‘संपले’ होते, ते वस्तुतः संपलेच नव्हते.

हे कोडे उलगडण्यासाठी चक्रीवादळाचा प्रपंच कशावर चालतो, हे पाहिले पाहिजे. समुद्राच्या वरच्या सुमारे ५० मीटर थरातील पाणी साधारण २६.५ अंश सेल्सियस किंवा त्याहून उष्ण असेल, तर त्यावरील हवा वाफेने भरते. ही हवा वर जाते, थंडावते, वाफेचे पाणी होते आणि त्या वाफेत दडलेली सुप्त उष्णता मोकळी होते. तिच्यामुळे हवा अधिक वेगाने वर चढते, खालचा दाब आणखी घटतो आणि भोवतालची बाष्पयुक्त हवा आत ओढली जाते. पृथ्वीच्या परिवलनामुळे ती सरळ न येता वळत येते. म्हणूनच हा परिणाम नगण्य असणाऱ्या विषुववृत्तालगत अशी वादळे सहसा जन्मत नाहीत. वरच्या व खालच्या थरांतील वाऱ्यांत फार तफावत असली, तर ही रचना विस्कटते. तफावत कमी असली, तर ती बळावते. वाऱ्याचा वेग ताशी ६२ किलोमीटरवर गेला, की हवामान खाते तिला चक्रीवादळ म्हणते आणि नाव देते.

जमिनीवर येताच वाफेचा हा पुरवठा तुटतो आणि डोंगर, झाडी व वस्ती यांच्या घर्षणाने वारा मंदावतो. परंतु मंदावतो तो वारा. वादळाने आत साठवलेली वाफ एका रात्रीत नाहीशी होत नाही. सप्टेंबरअखेर जमीन भिजलेली असते, अरबी समुद्रावरून मोसमी वाऱ्यांचे बाष्प येत असते आणि ही प्रणाली संथ गतीने सरकत असते. अशा वेळी नाव गमावलेले वादळ नाव असलेल्या वादळाइतकाच पाऊस पाडू शकते. हवेचे तापमान एका अंशाने वाढले, की तिची बाष्प धरण्याची क्षमता सुमारे सात टक्क्यांनी वाढते. तापत्या जगात हा धोका घटणार नाही, हे यावरून उघड आहे.

कलिंगपट्टणमपासून सुमारे ८०० किलोमीटरवर, परभणी जिल्ह्याच्या जिंतूर तालुक्यात, पूर्णा नदीवर येलदरीचे धरण आहे. त्याचा उपयुक्त साठा सुमारे ८१० दशलक्ष घनमीटर असून पायथ्याशी साडेबावीस मेगावॉटचे वीजगृह आहे. वर बुलढाणा जिल्ह्यातील खडकपूर्णा, खाली सिद्धेश्वर, त्यापुढे गोदावरी आणि नांदेडजवळचे विष्णुपुरी अशी ही साखळी आहे. वरच्या धरणातील विसर्ग हा खालच्या धरणाचा पूर ठरतो.

येलदरीसारख्या जलाशयाकडून समाज दोन परस्परविरोधी कामांची अपेक्षा करतो. रब्बीसाठी आणि उन्हाळ्यासाठी तो भरलेला हवा. पूर अडवण्यासाठी त्यात रिकामी जागा हवी. नेमके सप्टेंबरअखेर, जलाशय भरत आलेले असतानाच, बंगालच्या उपसागरातील प्रणाली पश्चिमेकडे सरकतात. ‘आधीच पाणी सोडा’ हा सल्ला म्हणूनच वाटतो तितका सोपा नाही. २०२१ मध्ये ज्या मांजराचे सर्व दरवाजे उघडले, तेच धरण २०१६ मध्ये कोरडे पडले होते आणि लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते. पाणी सोडले आणि पाऊस हुकला, तर तोटा रब्बीच्या शेतकऱ्याचा व शहराच्या नळाचा. पाणी धरून ठेवले आणि पाऊस कोसळला, तर तोटा नदीकाठच्या गावांचा. दोन्ही चुकांना किंमत आहे; मात्र ती वेगवेगळ्या माणसांनी मोजायची असते. अशा वेळी निर्णय एकट्या अभियंत्याच्या धैर्यावर सोडणे अन्यायाचे आहे. किती पावसाचा अंदाज असता, किती साठ्यावर, किती विसर्ग सुरू करायचा, हे कोष्टक हंगामापूर्वी ठरवून गावोगाव प्रसिद्ध झाले पाहिजे.

किनाऱ्यावर अशी शिस्त लावता येते, हे आपण पाहिले आहे. १९९९ च्या ओडिशातील महाचक्रीवादळात सुमारे दहा हजार माणसे मेली. २०१९ मध्ये ‘फनी’ आले, तेव्हा दहा लाखांहून अधिक लोकांना आधीच हलवण्यात आले आणि बळींची संख्या शंभराच्या आत राहिली. फरक पडला तो पूर्वसूचना आणि ठरलेली कृती यांच्या जोडीने. मराठवाड्यात पूर्वसूचना पोहोचते; तिच्यामागून काय करायचे, हे ठरलेले नसते.

नुकसान झाल्यावरची व्यवस्थाही याच उणिवेची साक्ष देते. ऑक्टोबर २०२१ मध्ये राज्य शासनाने दहा हजार कोटींचे साहाय्य जाहीर केले. त्यात जिरायतीसाठी हेक्टरी दहा हजार व बागायतीसाठी पंधरा हजार रुपये, दोन हेक्टरांच्या मर्यादेत, असा दर होता. अशी मदत आवश्यकच असते. पण ती झालेल्या हानीची अंशतः भरपाई असते, हानी टाळण्याचा उपाय नव्हे. शिवाय अतिवृष्टीचा निकष महसूल मंडळातील पर्जन्यमापकावर, चोवीस तासांतील ६५ मिलिमीटरवर, बेतलेला आहे. वरच्या खोऱ्यातील पाऊस नदीतून खाली येतो आणि ज्या मंडळात थेंबही पडलेला नाही तेथील शेत बुडवतो. पर्जन्यमापकाला हे पाणी दिसत नाही.

वादळाची नोंद त्याचे नाव गेल्यावर बंद करण्याची सवय मोडणे ही पहिली गरज आहे. किनारा ओलांडलेल्या प्रणालीची माहिती जिल्ह्यांच्या सीमांऐवजी नद्यांच्या खोऱ्यांप्रमाणे दिली, तर खडकपूर्णा ते विष्णुपुरीपर्यंतच्या धरणांना एकत्रित निर्णय घेता येईल. गुलाबला किनाऱ्यावरून मराठवाड्यात पोहोचण्यास सुमारे एक दिवस लागला. कापलेले सोयाबीन गोळा करून झाकायला, नदीकाठची जनावरे उंचावर न्यायला आणि जलाशयात थोडी जागा करायला एक दिवस पुरतो. मात्र तो दिवस हाती आहे, हे येलदरीच्या खालच्या माणसाला वेळेवर कळले पाहिजे.