प्याला आणि मडके

दारूवर लेख लिहिणाऱ्या मास्तराला गावात काय म्हणतात, हे मला ठाऊक आहे. तरीही ऐन दिवाळीत, चकलीच्या वासात, मी हा विषय काढतो आहे. घरातल्या वडीलधाऱ्यांनी क्षमा करावी. पण लेख शेवटपर्यंत वाचून मग करावी.

गेल्या माघात भाच्याने मला नाशिकला नेले. एका मोठ्या वाइनरीने नव्या वाइन बाजारात आणल्या होत्या आणि त्यांची चव घेण्याचा सोहळा होता. सोहळा हा शब्द मी थट्टेने वापरीत नाही. पांढरे कापड घातलेले टेबल, प्रत्येकापुढे पाच प्याले, आणि मधोमध एक भांडे, थुंकण्यासाठी! समजावून सांगणारी मुलगी माझ्या जुन्या विद्यार्थिनींच्या वयाची होती. पण त्या दिवशी मास्तरीण ती, विद्यार्थी मी. प्याला तिरपा धरून रंग पाहा, गोल फिरवून वास घ्या, एक घोट तोंडात घोळवा, हवे तर थुंकून टाका. द्राक्ष कोणते, मळा कुठला, तोड कधीची, सगळे तिला तोंडपाठ. फ्रान्समध्ये द्राक्षे सप्टेंबराच्या सुमारास तोडतात, आपल्याकडे जानेवारी ते मार्च, हेही तिने सांगितले. सोव्हिन्यो ब्लाँला हिरव्या ढोबळी मिरचीचा वास येतो म्हणाली, आणि खरेच आला! शिराझमध्ये मिरी निघाली. मी चकित झालो.

मग शेनिन ब्लाँचा प्याला पुढे करून तिने विचारले, "सर, तुम्हाला कशाचा वास येतो?"

मी खरे तेच बोललो. "पहाटेच्या ताडीचा."

भाच्याने टेबलाखालून माझा पाय दाबला. "मामा, इथे नको."

वाचकहो, माझा सारा वाद या 'इथे नको'शी आहे.

मी घिवलीचा. आमच्या समुद्रकाठी ताड उभे आहेत आणि त्यांवर सकाळ-संध्याकाळ चढणारी माणसे आहेत. पोयीला रोज बारीक काप द्यायचा, थेंब थेंब रस मडक्यात उतरवायचा. मडक्याला आतून चुना फासला की रस गोड राहतो, ती नीरा. चुना नसला तर ऊन चढेपर्यंत रस आंबतो, ती ताडी. तसाच ठेवला तर त्याचा शिरका होतो. द्राक्षाच्या रसाचे टाकीत जे होते तेच इथे मडक्यात होते. यीस्ट साखर खाते आणि मद्यार्क सोडते. ताडीत तो सहसा वाइनच्या निम्म्याहूनही कमी असतो. आणि आपल्या आजीच्या कपाटातले द्राक्षासव? धायटीची फुले घालून तेही आंबवूनच करतात. ते दोन चमचे घेताना कोणी कोणाचा पाय दाबीत नाही!

रस एक, क्रिया एक. मग प्यालेवाला रसिक आणि मडकेवाला व्यसनी, हा न्याय कुठला?

सरकारचाही न्याय पाहा. १९४९ साली मुंबई राज्याने दारूबंदीचा कायदा केला. तो बदलत, वाकत आजही पुस्तकात आहे. त्याच पुस्तकाच्या छायेत नाशिकच्या सुलाने २००० साली पहिली वाइन बाजारात आणली आणि २००१ साली राज्याने द्राक्षाच्या वाइनला उत्तेजन देण्याचे धोरण आखले. २०२२ च्या जानेवारीत तर मोठ्या किराणा दुकानांतून वाइन विकू देण्याचा निर्णय झाला. समर्थकांनी शेतकऱ्याचे भले पुढे केले, विरोधकांनी तरुणांचे वाटोळे. दोघांचेही काही खरे होते. पण त्या गदारोळात ताडावर चढणाऱ्याचे नाव माझ्या कानी आले नाही. तो काय आकाशाची शेती करतो? त्याच वर्षी मोहाच्या फुलांची दारू 'विदेशी मद्य' या वर्गात घालण्याचेही ठरले. जव्हार-मोखाड्याच्या रानातला मोह विदेशी! देशी राहून मान मिळत नाही, हे यापेक्षा स्पष्ट कसे सांगावे?

आता कोणी म्हणेल, "मास्तर, दारूपायी मोडलेली घरे तुम्ही पाहिली नाहीत का?" पाहिली आहेत. वर्गात पेंगणारी, रात्रभर भांडण ऐकून आलेली मुले माझ्याच बाकांवर बसतात. म्हणून तर लिहितो. ताडीत क्लोरल हायड्रेट मिसळण्याचे प्रकार आपल्या राज्यात वेळोवेळी उघडकीस आले आहेत. हे विष खपते कसे? जिथे पिणाऱ्याला चव विचारायची नसते, झाड कोणाचे, रस कधीचा, हे विचारायचे नसते, तोंड लपवून घटाघट प्यायचे आणि निघायचे असते, तिथे भेसळीला मोकळे रान मिळते. नाशिकच्या त्या टेबलावर थुंकायचे भांडे होते. चव घेणे आणि झिंगणे या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे ते भांडे सांगत होते. चव जाणणारा माणूस वाईट घोट थुंकून टाकतो. आम्ही आमच्या माणसाला तेवढाही मान ठेवला नाही.

फळांचा मान आम्ही जाणतो. घोलवडच्या चिकूला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले तेव्हा सारा जिल्हा आनंदला. बोर्डीला चिकूची वाइनही निघाली. मग ताडानेच काय पाप केले?

आणि पाप कोणाचे ते सांगून टाकतो. दोन वर्षांपूर्वी मी 'माझ्या वडिलांचे काम' हा निबंध दिला होता. कोणाचे वडील अणुवीज केंद्रात, कोणाचे बोईसरच्या कारखान्यात, कोणाचे होडीवर. एका मुलाने लिहिले, "माझे वडील शेती करतात." त्याच्या वडिलांना मी रोज ताडावर पाहतो. मुलाला बाजूला घेऊन विचारले. तो म्हणाला, "सर, ताडी लिहिली तर मार्क कापाल ना? दादाचे कापले होते."

दादाच्या वहीवर लाल शाई माझीच होती. 'ताडी' खोडून वर 'शेती' असे मीच लिहिले होते, वळणदार अक्षरात.

भाच्याने टेबलाखालून पाय दाबला, मी वहीवर पेन दाबले. फरक एवढाच की भाच्याने ते माझ्यासारख्या पिकल्या माणसाला केले, मी नऊ वर्षांच्या मुलाला.

माझे मागणे मोठे नाही. वाइनला दारू म्हणायचे असेल तर खुशाल म्हणा, मी तुमच्या बाजूला उभा राहीन. पण तिला संस्कृती म्हणणार असाल तर ताडीलाही तोच गज लावा. तिची तपासणी करा, शुद्ध विकणाऱ्याला पाठबळ द्या, भेसळ करणाऱ्याला तुरुंग दाखवा, आणि झाडावर चढणाऱ्याला त्याच्या कामाच्या नावाने ओळखा.

दिवाळी सरली की थंडी पडेल आणि मडकी पुन्हा ताडावर चढतील. शाळा उघडल्यावर मी तोच निबंध पुन्हा देणार आहे. लाल शाईची दौत घरी ठेवून जाईन.